अंग दुखते आणि तोलही जातो

गेल्या पावसाळ्यात एक वहिनी मनगट धरून दवाखान्यात आल्या. वय ४३, घरी शिवणकाम करणाऱ्या. महाद्वार रोडवर फूटपाथवरून उतरताना तोल जाऊन हातावर पडल्या होत्या. हाड मोडलेले नव्हते. पट्टी बांधता बांधता विचारले, "वहिनी, पाय घसरला का?" त्या म्हणाल्या, "न्हाई डॉक्टर, घसरायला तिथं काय नव्हतंच. वरीसभर असंच हुतंय. जिना उतरायचा म्हटला की भिंत धरावी लागतीय."

त्यांचे अंगदुखीचे दुखणे मला चार वर्षे ठाऊक होते. मान, खांदे, पाठ, मांड्या, सगळेच ठणकायचे. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटायचे नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढला, सगळे ठीक. घरची मंडळी 'मनाचे खेळ' म्हणत राहिली आणि मी वेदनाशामक गोळ्या लिहीत राहिलो. तोल जातो का, हे मी एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझी.

या विकाराचे नाव फायब्रोमायल्जिया. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. यात सांधे झिजत नाहीत, स्नायू सडत नाहीत. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा, तसे मेंदू आणि मज्जासंस्था शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मोठे करून ऐकतात. म्हणूनच एक्स-रेमध्ये काही दिसत नाही; पण वेदना खरीच असते. १९९० च्या अमेरिकन निकषांत शरीरावरचे १८ बिंदू दाबून पाहत आणि त्यांतले ११ दुखले तर निदान करीत. २०१० पासून बिंदू मोजण्याऐवजी दुखणे किती भागांत पसरले आहे, झोप, थकवा आणि विसराळूपणा यांचा विचार होऊ लागला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. अंग दुखणाऱ्या पुष्कळांचे दुखणे कोणत्याही ठरावीक संधिवातात बसत नव्हते, असे तेव्हा दिसले. तेव्हा हे दुखणे शहरी बायकांचे चोचले आहे, असे कुणी समजू नये.

आता तोल का जातो ते पाहू. डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे या तिघांकडून येणारी खबर मेंदू एकत्र करतो आणि क्षणाक्षणाला शरीर सावरतो. वेदना, अपुरी झोप आणि थकवा यांनी गांजलेल्या मेंदूकडून हे काम नीट होत नाही. शिवाय सावरण्याचा हुकूम मिळाला तरी तो पाळणारे स्नायू हवेत. हे स्नायू पायांत असतात तसे धडातही असतात. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, मणक्यालगतचे बारीक स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ मिळून एक डबाच तयार होतो. निरोगी माणूस हात उचलतो, त्याच्या क्षणभर आधी पोटाचा हा आतला स्नायू आवळला जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. तालमीत वस्ताद दंडाआधी कंबर बघतो. मात्र येथे प्रश्न पैलवानी ताकदीचा नाही, दमाचा आहे. या स्नायूंना एकदाच मोठे ओझे उचलायचे नसते. दिवसभर थोडे थोडे काम करत राहायचे असते. दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो, दम आणखी कमी होतो, पडण्याची भीती बसते, की हालचाल पुन्हा कमी. फायब्रोमायल्जियाचे रुग्ण इतरांपेक्षा जास्त वेळा पडतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

घरी तपासून पाहायचे असेल, तर स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ, हात सहज टेकता येईल असे उभे राहून एक पाय उचलावा. चाळिशीतल्या निरोगी माणसाला साधारण अर्धा मिनिट जमायला हरकत नाही. पाच सेकंदांतच ओटा धरावा लागला, तर डॉक्टरांना सांगावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, मधुमेहाने बधिर झालेले पाय, उभे राहताच उतरणारा रक्तदाब यांनीही तोल जातो. या विकारावरच्या अ‍ॅमिट्रिप्टिलीन, प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन या औषधांनीही गरगरते. ती परस्पर बंद मात्र करू नयेत. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तो फायब्रोमायल्जिया नव्हे. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा दिला तो फक्त व्यायामाला, एकाही गोळीला नाही. पाठीवर झोपून गुडघे उभे करावेत, बेंबी हलकेच आत ओढावी, श्वास न रोखता पाच अंक मोजावेत, सोडावे. असे पाच वेळा. आठवड्याभराने त्याच स्थितीत कंबर थोडी उचलावी. पुढे रांगण्याच्या स्थितीत एक पाय मागे ताणावा आणि ओट्याशेजारी एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत चालावे. सोबत रंकाळ्यावर दहा मिनिटांचा फेरफटका पुरे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतले तर उत्तमच. सुरुवातीला दुखणे थोडे वाढते, त्याने घाबरू नये. खरा धोका बऱ्या दिवसाचा! त्या दिवशी बायका सगळे घर झाडून वर पापडही लाटतात आणि पुढचे चार दिवस अंथरूण धरतात. जेवढे जमेल असे वाटते त्याच्या निम्मेच करावे, आणि वाईट दिवशीही थोडे करावे.

वहिनींनी चार महिने हे केले. दुखणे गेलेले नाही. झोप जरा बरी लागते, गोळ्या कमी झाल्या आहेत. परवा ओट्यापाशी एका पायावर १८ सेकंद उभ्या राहिल्याचे सांगत होत्या. जिना उतरताना भिंत अजून धरतात, "पण डॉक्टर," म्हणाल्या, "आता नुसतं बोट लावते बघा."