मोरपिसाचा धडा

एखादे मोरपीस हातात घेऊन पाहा. त्यातले मूळ द्रव्य काळपटच. निळा-हिरवा रंग उमटतो तो अतिसूक्ष्म काड्यांच्या रचनेमुळे.

तशाच रचना आता कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवता येतात. त्यांचे माप नॅनोमीटरमध्ये; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक रचना अनेक रंग निरनिराळ्या प्रमाणात मिसळून आत सोडते. मग रंग वेगळे कसे ओळखायचे? दोन किलो वांगी नि एक किलो कांदे १०० रुपये. एकेक किलो घेतले तर ७०. भाव काय? शाळेतले पोरही सांगेल: वांगी ३०, कांदे ४०. असलेच हिशेब, पण हजारोंनी, संगणक सोडवतो.

आपल्याला याचा उपयोग काय? आपल्या हिंगणघाटकडची पऱ्हाटी आजारली, की पान पिवळे दिसण्याआधीच कधी कधी त्यावरून परतणारा प्रकाश बदलतो, विशेषतः तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. असे बारीक भेद टिपायला भारताने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘हायसिस’ उपग्रह सोडला. पण तो शेकडो किलोमीटर उंच. नव्या युक्तीने तसले यंत्र लहान होऊन धुऱ्यावर येऊ शकेल. मात्र ते इशारा देईल. रोग कोणता, हे पान उलटून आपणच पाहायचे.