निळा डाग

विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मध्ये मुलगे बापाला झोडपतात. पैशांसाठी माणुसकी सोडलेले दोघे भाऊ गरोदर बहिणीच्या पोटात लाथा घालतात आणि तिचा गर्भ पडतो. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी हे नाटक रंगमंचावर आणलं. त्या वेळी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या हरकतींपैकी सर्वांत गाजली ती बहिणीच्या साडीवरच्या लाल डागाबद्दलची. लागूंनी डाग निळा केला, आणि हा डाग लाल आहे असं समजावं, अशी सूचना प्रेक्षकांना प्रयोगाआधी दिली जाऊ लागली.

मार चालतो, पण त्या माराने बाईच्या शरीराचं काय झालं ते दिसलेलं चालत नाही. आपल्याकडच्या अश्लीलतेच्या वादांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

दोनच वर्षांनी तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला मंडळाने ३२ कट सुचवले. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

दिवाळी अंकालाही या वादाची झळ लागलेली आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच तिचा विषय. दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून २५ रुपये दंड केला आणि प्रती नष्ट करायला सांगितल्या. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांची निर्दोष मुक्तता केली. कथा फारशी चांगली लिहिलेली नसेलही, पण म्हणून ती अश्लील होत नाही, असा निकालाचा रोख होता. साहित्याचा दर्जा आणि गुन्हा या दोन गोष्टी न्यायाधीशांनी वेगळ्या ठेवल्या, हे मोलाचं झालं. अश्लीलतेप्रमाणेच क्रौर्याची चित्रणं करून तरुण मनं बिघडवणाऱ्या प्रकाशनांसाठीही १९५६ पासून कायदा आहे, पण त्याचं नाव किती वाचकांनी ऐकलं असेल?

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या लघुपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. त्यावरून झालेल्या खटल्याचा निकाल १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिला. सेन्सॉरशिप त्यांनी वैध ठरवली, पण लैंगिकता आणि अश्लीलता एकच मानू नका, असंही बजावलं. नादिरशहाने रचलेले कवट्यांचे ढीग गोष्टीतून वगळून इतिहास कसा सांगणार, असा त्यांचा सवाल होता. विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं.

या विचाराची खरी कसोटी शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’च्या वेळी लागली. चित्रपटात पुढे डाकू झालेल्या फूलनदेवीवर बलात्कार होतात, तिला गावासमोर विवस्त्र करून विहिरीवर पाणी भरायला लावलं जातं. सीमा बिस्वास यांनी रंगवलेली ही फूलन पाहताना मान खाली जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रपटाचं प्रमाणपत्र रद्द केलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत बहाल करताना सांगितलं, की हे दृश्य वासना चाळवत नाही. ते पाहून अत्याचार करणाऱ्यांची किळस येते आणि त्या बाईची कणव वाटते. न्यायालयाने ‘शिंडलर्स लिस्ट’मधल्या विवस्त्र कैद्यांचाही दाखला दिला. इथे नग्नता हाच हिंसेचा पुरावा होता. तो झाकला असता, तर फूलनच्या हातातली बंदूक तेवढी उरली असती, आणि ती बंदूक आली कुठून हे प्रेक्षकाला कधीच कळलं नसतं.

त्यानंतरही कात्रीची सवय गेली नाही. २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ या बाँडपटातली चुंबनं कापून निम्मी केली गेली. बाँडच्या गोळीबाराची अशी चर्चा झाली नाही. २०२३ मध्ये ‘ओपेनहायमर’ भारतात लागला तेव्हा एका अभिनेत्रीच्या उघड्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला होता. चित्रपट अणुबाँब बनवणाऱ्या माणसाचा! लाखभर माणसं जाळणाऱ्या अस्त्राची कथा सांगताना प्रेक्षकाला जपायचं ते एका शरीरापासून, हा प्राधान्यक्रम अस्वस्थ करणारा आहे.

मराठी चित्रपटही यातून सुटला नाही. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’मधली यमुना नवऱ्याला सोडून मुलासह मुंबईत येते. मुलाच्या शिक्षणासाठी ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसते. २०१७ च्या गोव्यातल्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षकांनी हा चित्रपट इंडियन पॅनोरमा विभागात निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो ‘एस दुर्गा’ या चित्रपटासोबत यादीतून काढला आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर मंडळाच्या, विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष समितीने एकही कट न सुचवता ‘न्यूड’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत लागला.