खोगीरभरती

आमच्या गावातील मराठी मुलांसाठी दरवर्षी निबंधस्पर्धा होते आणि तिच्या परीक्षणाचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. विषय सोडून वाढविलेला मजकूर दिसला की समासात लाल शाईने एकच शब्द लिहावयाचा, ही आमची जुनी सवय. तो शब्द म्हणजे 'खोगीरभरती'. सभेला गर्दी दिसावी म्हणून बोलाविलेली माणसे, पाने भरावीत म्हणून छापलेले लेख, या साऱ्यांची बोळवण मराठी माणूस याच एका शब्दाने करतो. गेल्या हिवाळ्यात मात्र असा एक प्रसंग घडला की, तेव्हापासून हा शब्द लिहिताना आमचा हात अडखळतो. तो प्रसंग वाचकांना सांगावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा मूळ अर्थ पाहू. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरील गादी. तिच्या पोटात गवत, चिंध्या, लोकर, कापूस असे जे काही कोंबतात, ती खोगीरभरती. ती बाहेरून दिसत नाही. तिला कोणी किंमत देत नाही. म्हणूनच निरुपयोगी वस्तूंसाठी हा शब्द रूढ झाला असावा. परंतु ज्याच्या पाठीवर ते खोगीर चढते, त्या मुक्या जिवाला विचारता आले असते, तर त्याने या शब्दाचा अर्थ नेमका उलट सांगितला असता.

आमचे बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेले. १९७८ च्या सुमारास आम्ही पाचवीत होतो. त्या काळी बाड्यावरून स्टेशनकडे जावयाचे तर टांगा हेच सामान्य माणसाचे वाहन होते. आमच्या आळीतील मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी महिन्याच्या बोलीवर एक टांगा ठरविलेला होता. टांगेवाल्याला आम्ही सारे 'चाचा' म्हणत असू. त्यांच्या तांबूस रंगाच्या घोडीचे नाव राणी. टांग्यात आम्ही आठ मुले, आठ दप्तरे आणि आठ डबे. पुढे बसण्यासाठी रोज भांडण होई. मग चाचा मागे वळून आमची मोजदाद करीत आणि म्हणत, "एक सवारी आगे, एक सवारी पीछे." हा त्यांचा लहरीपणा आहे, असे आम्हांस वाटे. त्यामागे केवढे शास्त्र होते, हे कळावयास पुढे चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली.

टांगा दुचाकी असतो. चारचाकी बग्गी आपला भार आपल्याच चाकांवर तोलून धरते, घोड्याने फक्त ती ओढावयाची. दुचाकी गाडीचे तसे नाही. तिच्या दांड्या घोड्याच्या पाठीवरील गादीला अडकविलेल्या असतात, त्यामुळे गाडीतील भाराचा काही अंश थेट पाठीवर येतो. बसणारे पुढच्या बाजूस जास्त झाले की दांड्या खाली दाबतात आणि गादी पाठीत रुतते. मागच्या बाजूस जास्त झाले की दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा तंग काचतो. ओढण्याचा जोर छातीवरील पट्ट्यावर किंवा गळ्याभोवतीच्या कंठ्यावर येतो. चाचा 'सवारी' पुढेमागे करीत, ते राणीच्या पाठीवरचा तराजू सांभाळीत असत.

त्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर राणीच्या खांद्यांमधील उंचवट्यावर जखम झाली. दोन दिवस टांगा आला नाही. तिसऱ्या दिवशी चाचांनी दाराशी येऊन घोडीला पंधरा दिवस विश्रांती हवी, असे सांगितले. आमचे वडील वाईट गृहस्थ नव्हते. परंतु घरोघरच्या वडीलमंडळींनी विचारविनिमय करून ठरविले की, जितके दिवस टांगा येणार नाही, तितक्या दिवसांचे पैसे कापावयाचे. व्यवहार म्हणून त्यात कोणासच काही वावगे वाटले नाही. चौथ्या दिवशी सकाळी टांगा पुन्हा दाराशी उभा होता. आमच्या आजीने एक जुनी वाकळ बाहेर आणून चाचांच्या हाती दिली. तिच्या नऊवारी लुगड्यांची ती वाकळ होती. "गादीखाली घाल रे बाबा," एवढेच ती म्हणाली. परीक्षा पार पडली. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा जखम भरून आलेली होती आणि तेथे पांढऱ्या केसांची एक कोर उगवली होती. आम्ही मुलांनी तिचे नाव 'चंद्रकोर' ठेवले. आमच्या राणीच्या अंगावर चंद्रकोर आहे, ही बढाई आम्ही दुसऱ्या टांग्यातील मुलांपुढे कितीतरी दिवस मारीत होतो.

आता गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. ग्वाल्हेरचे टांगे गेले, त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या. घोडे उरले ते मुख्यतः लग्नाच्या वरातींपुरते. आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थ्याचे वडील लग्नसराईत बग्गी भाड्याने देतात. आमच्या पुतण्याच्या लग्नासाठी त्यांचीच बग्गी ठरली होती. विसार देण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या घरी गेलो. घोड्यावर साज चढविलेला होता. मखमल, जर, घुंगरे, आरसे अशी त्याची झळाळी दृष्ट लागण्यासारखी होती. तेवढ्यात मुलगा आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मास्साब, खाली पाहा."

मखमलीच्या गादीखाली सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची घडी होती. प्लॅस्टिकच्या धाग्यांचे ते पोते घामाने चिकटले होते. ते उचलताच दिसले की कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलवटली आहे.

आम्ही शासकीय पशुवैद्यकीय रुग्णालयातील डॉक्टरांना विनंती केली आणि ते आले. त्यांनी जी माहिती दिली, ती पुस्तकात वाचून आमच्या इतकी अंतःकरणात उतरली नसती. घोड्याच्या कातडीला जखम होते ती मुख्यतः तीन कारणांनी: दाब, घर्षण आणि ओल. ज्या ठिकाणी हाडाच्या वर मांस थोडे असते, म्हणजे खांद्यांमधील उंचवटा, कणा, खांद्याचे पुढे आलेले टोक, कोपरामागील तंगाची जागा, तेथे हाड आणि पट्टा यांच्यामध्ये कातडी चिमटली जाते. रक्त पोहोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. घाम तिला मऊ करतो, धूळ तिला घासते. तोच घाम गादीत वाळला की त्यातील क्षारांनी गादी कडक आणि खरखरीत होते. लोकरीचा नमदा घाम शोषतो आणि दाब पसरवून देतो; प्लॅस्टिकचे पोते यांपैकी काहीच करीत नाही.

बोलता बोलता डॉक्टरांनी घोड्याच्या मानेजवळील दोनतीन पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवले. ते म्हणाले, "या जुन्या जखमा. दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या, की तेथे पुन्हा उगवणारा केस पांढराच येतो."

आम्ही काही बोललो नाही. आमच्या डोळ्यांपुढे राणीची चंद्रकोर उभी राहिली.

घरी आल्यावर आम्ही या विषयाचा थोडा धांडोळा घेतला. माणसाने घोड्याला रथास जुंपले त्याला हजारो वर्षे झाली. सांचीच्या तोरणांवरही घोड्यांचे रथ कोरलेले आहेत. परंतु त्याच्या शरीराला मानवेल असा साज सिद्ध व्हावयास फार काळ लागला. छातीवरून ओढण्याचा पट्टा चीनमध्ये फार पूर्वी वापरात आला. खांद्यांवर टेकणारा, आत भरती केलेला कंठा युरोपात पहिल्या सहस्रकाच्या अखेरच्या शतकांत रूढ होऊ लागला आणि मग तेथे नांगरालाही घोडा जुंपणे सोयीचे झाले. लफेव्र दे नोएत नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १९३१ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, प्राचीन साजाने घोड्याचा गळा आवळला जाई, म्हणून त्याला जड ओझे ओढता येत नसे. पुढे १९७० च्या दशकात स्प्रुइत या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने जुन्या नमुन्याचे साज बनवून खरे घोडे जुंपून पाहिले आणि हे मत बरेच अतिशयोक्त असल्याचे दाखविले. विद्वानांचा वाद विद्वानांकडे राहो. आम्हांस त्यातून एवढेच उमगले की, घोड्याची शक्ती किती, हा प्रश्न त्याच्या अंगावर आपण काय ठेवतो या प्रश्नाशी बांधलेला आहे.

कायदाही पाहिला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला अधिनियम १९६० चा. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी त्याखाली १९६५ साली नियम झाले. हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून गाडीत चारांहून अधिक माणसे नकोत. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम नको. पारा ३७ अंशांवर गेला असेल, तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपावयाचे नाही. ग्वाल्हेरच्या एप्रिलात, भर दुपारी, दहा-दहा वर्षांची आठ मुले घेऊन राणी आम्हांस घरी आणीत होती, तेव्हा हे नियम तेरा वर्षांचे झालेले होते. आळीतील एकाही सुशिक्षित घरात ते कोणाला ठाऊक नव्हते.

बग्गीवाल्यांना आम्ही डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मास्साब, वर्षातले मोजके मुहूर्त. त्यांवर माझे घर आणि याचा दाणा, दोन्ही चालते. महिनाभर घोडा उभा केला तर आम्ही दोघे खाणार काय?" या प्रश्नाला आमच्यापाशी उपदेशाचे उत्तर नव्हते. चाचांनीही दाराशी उभे राहून हाच हिशेब मांडला असणार; तेव्हा तो कोणी ऐकून घेतला नाही, एवढेच.

आम्ही पुतण्याच्या वरातीची बग्गी रद्द केली आणि ठरलेले पैसे पुरते दिले. धाकटे बंधू रागावले. "दादा, पैसे मोजायचे आणि वरात पायी न्यायची? हा कुठला व्यवहार?" आम्ही म्हणालो, "बाबांनी एकदा पैसे कापले होते. ते आज फेडतो आहोत, असे समज." बंधू त्या टांग्यात आमच्या मांडीवर बसून येत. ते क्षणभर थांबले आणि मग वरातीच्या मार्गाचे बोलू लागले. नियोजित व्याह्यांना कारण कळले, तेव्हा त्यांनी आपल्या बाजूने दाण्याचे एक पोते बग्गीवाल्यांकडे पाठविले. घोडा पाच आठवडे उभा राहिला. त्या अवधीत आमच्या शाळेतील मुलांनी घराघरांतून जुनी लोकरी वस्त्रे गोळा केली आणि बग्गीवाल्यांनी एका जुन्या कारागिराकडून नवी गादी शिवून घेतली. कण्याच्या दोन बाजूंना दोन उशा आणि मधे मोकळी वाट, अशी ती गादी आहे. घोड्यावर चढविल्यावर मागून पाहिले, तर त्या वाटेतून पलीकडचा उजेड दिसतो.

आपल्या घरच्या लग्नातही बग्गी येईल. तेव्हा वाचकांनी ठरविण्यापूर्वी एकदा मखमल उचलून पाहावी. गादीने कण्याला स्पर्श करू नये. छातीचा पट्टा खांद्याच्या टोकाच्या वर, पण श्वासनलिकेच्या खाली असावा. कंठा असेल, तर गळ्याखाली आपला पंजा आडवा आत जावा. काम झाल्यावर गादी काढली की घामाची ओल दोन्ही बाजूंना सारखी दिसावी. मधेच एखादी कोरडी जागा दिसली तर तेथे दाब फार पडतो आहे, असे समजावे. गादी धुतलेली व वाळविलेली असावी. आणि एक गैरसमज टाळावा. साज घट्ट असताना त्याखाली आणखी कापड कोंबणे म्हणजे चावणाऱ्या जोड्यात दुहेरी मोजे घालणे होय. त्याने काच वाढतो, कमी होत नाही. उघड्या जखमेवर गादी हा उपायच नव्हे. तिला विश्रांतीच हवी. आजीची वाकळ मायेची होती खरी, परंतु राणीला त्या दिवशी वाकळ नको होती, पंधरा दिवस हवे होते.

यंदाच्या निबंधस्पर्धेच्या वह्या परवाच आमच्याकडे आल्या. एका मुलीने नदीवरील निबंधात आपल्या आजोळचे दोन परिच्छेद घातले आहेत. सवयीने लाल लेखणी समासाकडे गेली. आम्ही थांबलो आणि तेथे 'विषयांतर' असे लिहिले. तो दुसरा शब्द आता आम्ही चांगल्या कामासाठी राखून ठेवला आहे.