१९२७ सालचं एक बी

सोया सॉस आणि थोडी साखर माखून निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीला जपानी लोक याकितोरी म्हणतात. तिच्यासोबत एखादी दणकट फ्रेंच रेड वाईन घेतली तर काय होतं? तोंडात फक्त वाईन उरते, कोंबडी हरवते. पण जपानमध्येच एक रेड वाईन अशी आहे, की घोट घेतला की भाजलेल्या सोयाचा गोडसर वास आणखी खुलतो. रंगाने फिकट, अंगाने हलकी, वासाला पिकल्या स्ट्रॉबेरीसारखी. जिच्यापासून ती होते त्या द्राक्षाचं नाव ‘मस्कट बेली ए’. हे द्राक्ष निसर्गाने दिलेलं नाही. एका माणसाने ते घडवलं, आणि त्याची मुळं शोधत गेलं की आपण थेट महाराष्ट्रातल्या द्राक्षबागेत येऊन पोचतो!

झेन्बेई कावाकामी निगाता प्रांतातल्या जमीनदाराघरचे. १८९० मध्ये, ऐन बाविशीत, त्यांनी स्वतःच्या जमिनीवर ‘इवानोहारा’ हा द्राक्षमळा उभा केला. भातावरच जगणाऱ्या भोवतालच्या शेतकऱ्यांना दुसरा आधार मिळावा, ही त्यामागची तळमळ. मुलूख मात्र द्राक्षाला अजिबात न मानवणारा. हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ, उन्हाळ्यात पाऊस आणि कोंदट हवा. युरोपातल्या नाजूक वेली तिथे रोगाने मान टाकायच्या. कावाकामींनी बर्फाला तर कामालाच लावलं. हिवाळ्यातला बर्फ साठवून ठेवायचा आणि द्राक्षरस आंबत असताना तळघर त्याने थंड राखायचं. वेलींचं काय, हा प्रश्न मात्र उरलाच.

त्यावर त्यांनी धरलेली वाट ऐकून छाती दडपते. १९२२ पासून ते संकर करू लागले आणि एकूण १०,३११ संकर केले. त्यांतून निवडल्या फक्त २२ जाती.

द्राक्षाचं फूल कधी जवळून पाहिलंय? मोहरीच्या दाण्याएवढं असतं. पाकळ्या वरच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. फूल उमलतं तेव्हा त्या वरून उघडत नाहीत, बुडातून सुटतात आणि अख्खी टोपी गळून पडते. आत पाच पुंकेसर, मधे स्त्रीकेसर. संकर करायचा तर टोपी आपसूक पडण्याआधीच चिमट्याने उचलायची, पाचही पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे आणि घोसावर पिशवी चढवायची. एका घोसात अशी शेकडो फुलं!

१९२७ च्या अशाच एका संकरातून मस्कट बेली ए जन्माला आली. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, तिला पहिलं फळ धरलं. आणि द्राक्ष वाढतं कलमावर, काडीवर. म्हणजे आज जपानभर पसरलेली या जातीची प्रत्येक वेल त्या एकाच बियाचं अंग आहे.

आता तिचे आईबाप पाहू. आई ‘बेली’, अमेरिकेतल्या टेक्सासची. तिथल्या टी. व्ही. मन्सन यांनी रानवेलींचं रक्त घालून ती तयार केली होती. हे मन्सन रानोमाळ हिंडून जंगली द्राक्षं गोळा करायचे. फिलॉक्सेरा नावाच्या कीटकाने फ्रान्सच्या बागांची मुळं खाऊन टाकली, तेव्हा अमेरिकन रानवेलींचे खुंट तिकडे नेऊन बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. त्या कामातल्या मदतीबद्दल १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांचा सन्मान केला. त्यांनी टेक्सासच्या बेल काउंटीतून निवडलेली एक रानवेल आहे, ‘डॉगरिज’. नाव ओळखीचं वाटलं? नाशिक, सांगली, जालन्याच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. पाण्याचा ताण आणि खारट जमीन सोसायला तो ज्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरतो, तोच हा डॉगरिज! जपानी वाईनची आई आणि आपल्या बागांचं मूळ, दोन्ही एकाच माणसाच्या हातून आली.

बापाची गोष्टही तशीच. तो ‘मस्कट हॅम्बर्ग’, युरोपातलं सुवासिक काळं द्राक्ष. तमिळनाडूत कंबमच्या खोऱ्यात तेच द्राक्ष हजारो एकरांवर पिकतं. तिथे ते पन्नीर द्राक्ष, आणि भारतभर त्याची ओळख ‘गुलाबी’.

चिवट नातलगाकडून काटकपणा घ्यायचा आणि घरच्याकडून चव, ही कावाकामींची युक्ती परभणीला नवी नाही; तिथे ती भेंडीवर वापरली गेली. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर पसरतो, आणि त्याने एकेकाळी गाजलेली ‘पुसा सावनी’ जात जमीनदोस्त केली होती. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा संकर भेंडीच्या एका दूरच्या बहिणीशी केला. दूरच्या नात्यातल्या अशा संकराची पहिली पिढी धड बी धरत नाही. म्हणून पुसा सावनीशीच पुन्हा पुन्हा संकर करत, पिढ्यान्‌पिढ्या रोगट झाडं बाजूला सारत जावं लागलं. त्यातून १९८० च्या दशकात आली ‘परभणी क्रांती’. द्राक्षात एक बी लागलं की काम झालं, कारण पुढे कलमं आहेत. भेंडी बियाण्यावर चालते, त्यामुळे प्रत्येक पिढीत गुण टिकला पाहिजे. मला विचाराल तर परभणीचं काम जास्त अवघड होतं.

मग मस्कट बेली एची वाईन सोया सॉसशी इतकी जुळते कशी? तिच्यात फ्युरॅनिऑल नावाचा सुगंधी रेणू भरपूर असतो. पिकल्या स्ट्रॉबेरीचा आणि अननसाचा वास बराचसा त्याचाच. आणि सोया सॉसच्या खमंग गोडव्यामागे याच रेणूचा सख्खा भाऊ असतो. नाकाला पेल्यात आणि ताटात एकच कुटुंब भेटतं! त्यातच या वाईनमध्ये टॅनिन कमी. टॅनिन म्हणजे कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळून धरतं ते. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात आणि तोंड कोरडं पडतं. इथे तसं होत नाही, त्यामुळे पुढचा घास मोकळा जातो.

आता जपानी ताट बाजूला ठेवून परभणीचं ताट घ्या. ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याचा मटण रस्सा, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा. इथे वाईनची खरी परीक्षा. आपल्या जिभेवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, टीआरपीव्ही१. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. साधारण ४३ अंशांना तो ‘भाजतंय’ अशी ओरड सुरू करतो. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं यालाच जाऊन डिवचतं, म्हणून ठेचा थंडगार असला तरी जीभ पोळते. आणि अल्कोहोल? ते या ग्राहकाची ४३ अंशांची पायरी ३४ च्या आसपास खाली आणतं. आपलं अंगच ३७ अंशांचं! म्हणजे जडशीळ, कडक वाईन ठेच्यावर घेतली की आगीत तेल. तिच्यातलं टॅनिन तोंडही कोरडं पाडतं. अशा ताटाला कमी अल्कोहोलची, कमी टॅनिनची, फळांच्या वासाची, थोडी गार केलेली हलकी रेड वाईनच हवी. मस्कट बेली एच्या चालीची.

असं द्राक्ष आपल्याकडे आहे? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत घडलेली ‘एआरआय-५१६’ ही जात त्याच सूत्रावर बेतलेली आहे. एका बाजूला अमेरिकन रक्ताचं ‘कॅटावबा’, दुसऱ्या बाजूला युरोपीय वंशाचं ‘ब्यूटी सीडलेस’. बुरशीजन्य रोगांना ती सहजी बळी पडत नाही, ११० ते १२० दिवसांत तयार होते, आणि रस, जॅम, मनुका, रेड वाईन अशा सगळ्याला चालते. तिची वाईन हलक्या हाताने, टॅनिन फार न उतरवता करून ठेच्यासमोर ठेवली तर कशी लागेल? तिखटाचं प्रमाण बदलत, वाईनचं तापमान बदलत, दहा-वीस जिभांवर हे कुणीतरी पद्धतशीर तपासायला हवं. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, आणि ठेचा तर गावात घरोघरी आहे.