एकाच पौर्णिमेचे सण

२०२४ मध्ये २४ मार्चला पुण्यात होळी पेटली, त्याच दिवशी ज्यूंचा पुरीम होता. २३ एप्रिलला हनुमान जयंती आणि पेसाहचा पहिला दिवस एकत्र आले. १६ ऑक्टोबरला घराघरांत कोजागरीचं दूध आटत असताना सुक्कोथ सुरू झाला. तीन वेळा पौर्णिमा आली आणि तिन्ही वेळा दोन्ही समाजांत सण होता!

बारा चांद्रमासांचे होतात सुमारे ३५४ दिवस. सौरवर्षाहून अकरा कमी. हा फरक साचू दिला तर सण ऋतू सोडून भरकटतील. पेसाह वसंतातच यावा अशी तोराह या धर्मग्रंथाची आज्ञा आहे, म्हणून ज्यू पंचांग १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरतं. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही, तो अधिक मास. गणितं वेगळी, तरी सण बहुधा जुळतात. कधी चुकामूकही होते: २०२६ मध्ये आपला ज्येष्ठ अधिक, त्यामुळे सुक्कोथ कोजागरीच्या महिनाभर आधी, भाद्रपद पौर्णिमेलाच येतो.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला हा मेळ अंगवळणी होता. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. धर्मग्रंथ समुद्रात गेले. मागे उरलं ते कृतीतून. तेलाचा घाणा शनिवारी बंद राही, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या सणांची जुनी नावं नोंदवली आहेत. पुरीम म्हणजे होळीचा सण. योम किप्पूर हा दरफाळणीचा, दारं लावून उपवास करण्याचा सण. आंबवलेलं वर्ज्य असलेल्या पेसाहला आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवत. तो अनशी धाकाचा सण. पोथी हाताशी नसताना झाकलेल्या भांड्याने आज्ञा सांभाळली, हे मला विलक्षण वाटतं.

पुढे पोथीही आली. पेसाहच्या रात्री मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा मुलांना सांगावीच लागते. ती कथा म्हणजे हग्गादा. १८७४ मध्ये पुण्यात ती मराठी अनुवादासह छापली गेली. तिच्या चित्रांत इथल्याच पेहरावातल्या बाया जमिनीवर बसून बिनखमिराची भाकर करताना दिसतात. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजायला लागते, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात.

लष्कर भागातलं १८६७ चं लाल देऊळ आणि रास्ता पेठेतलं १९२१ चं सुक्कथ शेलोमो ही पुण्याची दोन सिनेगॉग. समाजातले बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. इथल्यांची संख्या आता फार थोडी आहे. पण कथा सांगण्याची आज्ञा संख्येवर अवलंबून नाही. पेसाहच्या रात्री जेवणाच्या टेबलाशी सर्वांत लहान मूल विचारतं, ‘आजची रात्र वेगळी का?’, आणि मोठ्यांना त्याला कळेल असं उत्तर द्यावंच लागतं. पुण्यात त्या उत्तराला मराठीतून छापील रूप मिळून दीडशे वर्षं उलटली आहेत.