एक्का, पण कोणाच्या सोबतीने?

पत्त्यांच्या राज्यात एक्क्याचा थाट काही औरच. दिवाळीच्या रात्री रंगलेली तीन पत्ती असो किंवा रेल्वेच्या डब्यात सुटकेसवर मांडलेला डाव असो, एक्का हाती आला की भल्याभल्यांचा चेहरा बोलू लागतो. पण एक खेळ असा आहे, की त्यात हाच एक्का शहाण्यासुरत्यांनाही फशी पाडतो. तो खेळ म्हणजे नो-लिमिट होल्डेम पोकर आणि त्याची पंढरी म्हणजे अमेरिकेतले लास व्हेगास. तिथल्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ सुरू झाली. आज तिच्या मुख्य स्पर्धेत जगभरातून हजारो खेळाडू उतरतात.

खेळ समजायला सोपा. प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते आणि ‘नो-लिमिट’ असल्याने कोणीही केव्हाही समोरचे सगळे पणाला लावू शकतो. स्पर्धेत पैशांऐवजी चिप्स, म्हणजे रंगीत चकत्या, मिळतात. त्या संपल्या की खुर्ची सोडायची.

आता समजा, आपल्याला बदामाचा एक्का मिळाला आणि जोडीला बदामाचीच पंजी. एक्का आणि त्याच्याच रंगाचे दुर्रीपासून नव्वीपर्यंतचे एखादे पान, अशा जोड्या एकूण १,३२६ पैकी ३२, म्हणजे साधारण ४१ डावांत एकदा हाती येणाऱ्या. तासभर रद्दी पाने टाकून कंटाळलेल्या माणसाला ही जोडी लक्ष्मीसारखी वाटते. एक्का तर आहेच, शिवाय पाची पाने एका रंगाची होण्याची आशा. तीन पत्तीवाले ज्याला ‘कलर’ म्हणतात, त्यालाच पोकरवाले ‘फ्लश’ म्हणतात.

हिशेब मात्र निष्ठुर असतो. पहिल्या तीन पानांतच रंग पुरा होण्याचा योग साधारण ११९ डावांत एकदा. पाचही पाने पाहायला मिळाली, तरी १६ डावांत जेमतेम एकदा. म्हणजे रंगाच्या आशेवर मोठी रक्कम लावणे हे एका सोडतीच्या तिकिटासाठी महिन्याचा किराणा मोडण्यासारखे आहे.

खरा धोका आणखी पुढे आहे. रंग येत नाही, पण टेबलावर एक्का उघडतो. आपल्याकडे एक्क्यांची जोडी झाली! छाती फुगते, बोली वाढते. पण नऊजणांच्या टेबलावर आपल्याकडे एक एक्का असताना उरलेल्या आठांपैकी कोणाकडे तरी आणखी एक असण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ७० असते. एक्का दोघांकडे असला की निकाल सहसा सोबतच्या पानावर लागतो. पोकरमध्ये त्याला ‘किकर’ म्हणतात. समोर एक्का-राजा असेल, तर आपली एक्का-पंजी १०० पैकी सुमारे ७० वेळा हरते. पाने अगदीच वाईट असती तर आपण ती टाकून मोकळे झालो असतो. अर्धवट चांगली असतात म्हणूनच ती सोडवत नाहीत. एका वाक्यात सांगायचे तर, हा एक्का रंगात आला तर साथ, जोडीत आला तर घात.

मग ही पाने खेळायचीच नाहीत काय? तसेही नाही. चिप्स भरपूर असतील आणि थोडक्यात पुढची पाने पाहायला मिळत असतील, तर जरूर पाहावीत. कारण आपला रंग लागला की तो एक्क्याचा. राजाच्या रंगावर विसंबून सगळे लावणारा आपल्या जाळ्यात येतो. दुर्री ते पंजीपैकी पान सोबत असेल, तर एक्का ते पाच असा क्रम लागण्याची जादा आशाही असते.

दुसरे महत्त्व बसण्याच्या जागेचे. आधीच्या सगळ्यांनी पाने टाकली आणि आपल्यामागे दोघेच उरले, तर त्यांच्यापैकी कोणाकडे एक्का असण्याची शक्यता साधारण पावच राहते. तोच एक्का, तीच पंजी. पण पहिल्या बोलीत जी जोखीम, ती शेवटच्या बोलीत संधी.

तिसरी वेळ अडचणीची. स्पर्धेत सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते आणि काही न करताही चिप्स झिजतात. मोठ्या सक्तीच्या बोलीच्या दहापटच चिप्स उरल्या असतील आणि मागे थोडेच खेळाडू असतील, तर तेव्हा सगळे आपण होऊन पणाला लावणे योग्य. समोरच्याने घाबरून पाने टाकली तर डाव आपला. त्याने टाकली नाहीत, तरी रंगाची आशा शिल्लक. दुसऱ्याने सगळे लावल्यावर याच पानांनिशी होकार भरणे मात्र निराळे. तिथे घाबरवायला कोणी उरलेले नसते. आणि स्पर्धेत गेलेली चिप मिळालेल्या चिपपेक्षा महाग असते, कारण दुप्पट चिप्स झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही; संपल्या तर मात्र सारेच संपते.

१९८२ च्या मुख्य स्पर्धेत १०४ खेळाडू होते. जॅक स्ट्रॉसकडे एका टप्प्यावर एकच चिप उरली होती, असे सांगतात. तोच पुढे अंतिम डावापर्यंत पोचला. समोर ड्यूई टॉमको. टॉमकोकडे चौकटचा एक्का आणि चौकटचेच चारचे पान. स्ट्रॉसकडे एक्का आणि दहा. स्ट्रॉस जिंकला आणि ५,२०,००० डॉलर घेऊन गेला. टॉमकोचे काही चुकले नव्हते. दोघेच उरलेले असताना एक्का-चार ही उत्तम पाने. पण समोरच्या एक्क्याची सोबत वरचढ होती. बरोबर निर्णय घेऊनही हरता येते, हे ज्याला पचते त्यानेच या टेबलाशी बसावे.

हे वाचून कोणी खिसा चाचपू नये. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. या नादात कित्येक संसार कर्जात बुडाले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. घरी चिंचोक्यांवर डाव मांडून हा हिशेब पडताळायला मात्र काहीच हरकत नाही. मुलांना शक्यतेचे गणित कळेल. आणि हातात एक्का असतानाही पाने खाली ठेवता येतात, हे मोठ्यांनाही कळेल.