ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार

खेड्यापाड्यांतील पुष्कळ वस्त्यांवर गोठ्याच्या मागे किंवा बांधावरच्या चिंचेखाली एखादा जुना ट्रॅक्टर उभा असलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचा मूळचा लाल रंग विटून गेलेला असतो, पुढचे टायर बसलेले असतात, बैठकीच्या लोखंडी खोलगट भागात पालापाचोळा कुजत असतो आणि धुराड्यात चिमण्यांनी संसार थाटलेला असतो. अधूनमधून भंगारवाला येतो, त्याच्याभोवती एक फेरी मारतो आणि लोखंडाच्या वजनावर भाव सांगतो. घरधन्याला तो भाव पटत नाही. परंतु नवा ट्रॅक्टर घ्यावा, तर कर्जाचा डोंगर डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा वेळी तिसरा मार्ग उरतो, तो म्हणजे त्या जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करणे. हा मार्ग स्वस्त पडेल की भंगारवाल्याचा भाव बरा होता असे म्हणण्याची पाळी येईल, हे हातातील पैशापेक्षा कामाच्या क्रमावर अधिक अवलंबून असते.

उदाहरणादाखल बी-२७५ हा ट्रॅक्टर पाहण्यासारखा आहे. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मुंबईत ट्रॅक्टर बनवण्यासाठी एक कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून हे ट्रॅक्टर शेतांत जाऊ लागले. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि सुमारे ३५ अश्वशक्ती, एवढाच त्याचा थाट. अलीकडच्या यंत्रांप्रमाणे त्यात विजेच्या सूक्ष्म उपकरणांचे जाळे नाही. पान्याने सुटणार नाही असा भाग त्यात विरळाच. या साधेपणामुळेच असे यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले तरी पुन्हा उभे करण्याची आशा धरता येते.

जाणता मिस्त्री प्रथम पाना हाती घेत नाही, वही घेतो. ट्रॅक्टरच्या नोंदणीची कागदपत्रे घरात आहेत की नाहीत, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. कारण कागद नसलेल्या यंत्रावर पैसा घालवून पुढे ते रस्त्यावर नेता आले नाही, तर सारा खटाटोप पाण्यात जातो. मग तो तेल मोजण्याची पट्टी ओढून पाहतो. पट्टीवरचे तेल दुधाळ दिसले, तर इंजिनात पाणी शिरले आहे असे तो ताडतो. ते पाणी धुराड्यातून आत गेलेले पावसाचे असेल, किंवा हेडखालचे गॅस्केट फुटून रेडिएटरमधून आलेले असेल. पहिल्या दोषाला थोडा खर्च, दुसऱ्याला अधिक. आणि हेडच तडकले असेल, तर मग भंगारवाल्याला पुन्हा बोलवावे की काय, याचा विचार करावा लागतो. ही तपासणी पुरी होण्याआधी बाजारातून एकही नवा भाग आणू नये. पुष्कळांचा पैसा येथेच बुडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे काम समजण्यास सोपे जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. डिझेल इंजिनातही पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा दाबून इतकी लहान जागेत कोंडतो, की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत इंजेक्टरमधून डिझेलचे बारीक तुषार सुटतात आणि ते आपोआप पेट घेतात. म्हणून पिस्टन व त्याच्या रिंगा सिलिंडरमध्ये अचूक बसल्या पाहिजेत, आणि डिझेल ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दाबाने आले पाहिजे. बंद पडलेल्या ट्रॅक्टरची बहुतेक दुखणी या दोहोंपैकी एकीत सापडतात.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसतात. यालाच इंजिन जाम होणे म्हणतात. अशा वेळी उतावळा मालक शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणतो, मध्ये साखळी बांधतो आणि आपला ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून ओढवतो. एवढे बळ लागताच गंज सुटण्याऐवजी रिंगा मोडतात, कधी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम चार दिवसांच्या धीराने झाले असते, त्यासाठी सारे इंजिन उघडावे लागते. गरीब माणसाला या यंत्राच्या बाबतीत घाईइतकी महाग दुसरी वस्तू नाही!

योग्य रीत अशी आहे. इंजेक्टर काढून त्यांच्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन तेल यांचे मिश्रण थोडे थोडे ओततात आणि यंत्र तसेच राहू देतात. ते मिश्रण रिंगांच्या फटींत हळूहळू झिरपते. चार-आठ दिवसांनी, गिअर सुटा असल्याची खात्री करून, पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून अलगद जोर देतात. हलले नाही, तर पुन्हा ओततात आणि पुन्हा थांबतात. एके सकाळी पाना केसभर सरकतो. मग लगेच पुढे न रेटता, मागेपुढे, मागेपुढे असे करीत ते अंतर वाढवीत नेतात, तो अखेरीस पुलीचा पूर्ण फेरा होतो. इंजेक्टर परत बसवण्यापूर्वी इंजिन फिरवून सिलिंडरमधले उरलेले मिश्रण छिद्रांवाटे बाहेर काढावेच लागते. कारण द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नाही, आणि तो आत राहिला तर पुन्हा रॉड वाकण्याचे भय असते.

तेल मुरेपर्यंतचे दिवस वाया जात नाहीत. त्या काळात डिझेलची टाकी उतरवून तिच्यातील गाळ व गंज धुऊन काढतात, फिल्टर नवे घालतात आणि तळाचे जुने तेल बदलतात. हवा गाळणाऱ्या भांड्यात उंदरांनी घर केलेले असते, तेही साफ करतात. या भांड्याच्या तळाशी तेल असते आणि आत येणारी धूळ त्यात अडकते. ते स्वच्छ करण्यास जवळजवळ काहीच पैसे पडत नाहीत. पण ते कोरडे राहिले, तर शेतातली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन कानशीसारखी त्याला खाऊ लागते. इंजेक्टर व डिझेलचा पंप मात्र घरी उघडू नयेत. त्यांचे भाग इतके तंतोतंत घासलेले असतात, की ते तपासण्यासाठी तालुक्याच्या गावी पंपाच्या कारागिराकडेच न्यावे लागतात. उडणाऱ्या तुषारांपुढे हात धरणे तर फारच घातक. त्यांचा दाब कातडी भेदून आत जाण्याइतका असतो.

पैसा थोडा असला म्हणजे कोठे हात आखडावा आणि कोठे आखडू नये, हे ठरवावे लागते. बैठक फाटकी चालते, पत्रे पोचलेले चालतात, गिअरपेटीतले दातेरी चाक जुन्या बाजारातून पारखून आणलेले चालते. ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्या बाबतीत असे चालत नाही. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागील चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, म्हणजे शेतात थोड्या जागेत वळता यावे. रस्त्यावर मात्र दोन्ही पट्ट्या एकत्र अडकवाव्या लागतात. त्यांतला एक ब्रेक सैल आणि दुसरा कडक असला, तर भरली ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. मागचे मोठे टायर हा सर्वांत जड खर्च. त्यांच्या भेगा वरवरच्या असतील, तर एक हंगाम थांबता येते, आतले धागे दिसू लागले असतील तर नाही. रंग सर्वांत शेवटी. गावोगाव असे ट्रॅक्टर आढळतात, की ज्यांना आधी झळझळीत रंग दिला गेला आणि नंतर इंजिनासाठी पैसेच उरले नाहीत.

सुरू करण्याच्या दिवशी प्रथम डिझेलच्या नळ्यांतील हवा काढतात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, की आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड डिझेल. तेव्हा स्क्रू आवळतात. नळीत हवा राहिली, तर पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो. इंजिन बंद करण्याची दांडी नीट चालते ना, हे आधीच पाहून ठेवतात. ती ऐन वेळी चालली नाही, तर हवेचे तोंड झाकण्यासाठी एक जाड फळीही हाताशी असते. हवा मिळाली नाही, की बेफाम झालेले इंजिनही गुदमरून थांबते.

मग बटण दाबतात. पहिला धूर पांढरा असतो, तो थोड्या वेळाने विरला तर चिंता नाही. निळा धूर येतच राहिला, तर तेल जळत आहे, म्हणजे रिंगा झिजल्या आहेत. काळा धूर आला, तर डिझेल अधिक किंवा हवा कमी. पहिले काही तास नांगर न जोडता ट्रॅक्टर रिकामाच चालवतात, हेडचे नट पुन्हा आवळून घेतात आणि काळवंडलेले तेल परत एकदा बदलतात. मृगाच्या पेरणीला तो शेतात उतरतो. संध्याकाळी इंजिन थंड झाले, म्हणजे धुराड्यावर एक रिकामा डबा उपडा घालतात. त्यामुळे पावसाचे पाणी आत जात नाही, आणि चिमण्यांनाही दुसरी जागा शोधावी लागते.